लहान रुग्णालयाचा अँटिबायोग्राम: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि रुग्णाला औषध आज हवं असतं. मधल्या दिवसांत डॉक्टर अंदाजाने प्रतिजैविक सुरू करतात. हा अंदाज बांधायला आधार हवा असतो तो आपल्याच रुग्णालयातल्या आकड्यांचा. गेल्या वर्षभरात इथे सापडलेल्या ई. कोलायपैकी शंभरातले किती जेंटामायसिनला दबले, किती नायट्रोफ्युरँटॉइनला, क्लेब्सिएलाचं काय, स्टॅफचं काय, हे एका पानावर दाखवणारा तक्ता म्हणजे अँटिबायोग्राम. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातले नवे तंत्रज्ञ, शंभर-दीडशे खाटांच्या खासगी रुग्णालयात एकहाती विभाग सांभाळणारे मायक्रोबायोलॉजिस्ट आणि नुकतेच या विषयात आलेले निवासी डॉक्टर यांच्यासाठी हा लेख आहे.

देशपातळीवर आकडे गोळा होत नाहीत असं नाही. आयसीएमआरचं प्रतिरोध-निरीक्षणाचं जाळं २०१३ पासून चालू आहे. पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं हिंदुजा आणि सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय त्यात आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, म्हणजे एनसीडीसीचं, वैद्यकीय महाविद्यालयांचं वेगळं जाळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ग्लास’ ही यंत्रणा २०१५ पासून देशोदेशीचे आकडे एकत्र करते. पण या आकड्यांमागचा रुग्ण कोण, हे पाहा. तो बहुधा दोन-तीन दवाखाने फिरून, तितकेच कोर्स घेऊन मोठ्या रुग्णालयात पोहोचलेला असतो. त्याच्या अंगातला जिवाणू आणि तुमच्या ओपीडीत पहिल्यांदाच लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या अंगातला जिवाणू एकाच जातीचे असले तरी एकसारखे नसतात. मोठ्या रुग्णालयांचे आकडे वाचून तिला सरळ इंजेक्शनवरचं मेरोपेनेम सुरू झालं, तर जी गोष्ट थांबवायची तिलाच आपण हातभार लावतो. म्हणून आपला तक्ता आपणच करायचा.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच गोष्ट सांभाळायची आहे, ती म्हणजे छेद. ‘६० टक्के’ हा अंश-छेदाचा भागाकार आहे आणि तक्त्यातल्या बहुतेक चुका छेदात शिरतात. कोणाचे नमुने आले, किती आले, एकाच रुग्णाचे किती वेळा मोजले गेले, कोणत्या जिवाणूवर कोणती डिस्क (औषध भिजवलेली कागदी चकती) लावलीच नाही, या सगळ्या छेदाच्या गोष्टी आहेत.

आधी ठरवा: काय मोजायचं

सगळं मोजायला निघाल्यास वर्षअखेरीला काहीच धड हाती लागत नाही. सात जिवाणू पुरे: ई. कोलाय, क्लेब्सिएला न्यूमोनी, स्यूडोमोनास एरुजिनोसा, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, एन्टेरोकॉकस आणि टायफॉइडचा साल्मोनेला. नमुने तीन: लघवी, रक्त, पू.

अगदी नवी प्रयोगशाळा असेल तर पहिल्या वर्षी फक्त लघवीतला ई. कोलाय धरा. लहान रुग्णालयात सर्वाधिक ग्रोथ त्याचीच येते, ओळख सोपी असते आणि ओपीडीतल्या डॉक्टरांना रोज लागणारं उत्तर त्यातून मिळतं. एकाच जिवाणूची एक ओळ, पण चोख, एवढाच तक्ता मला वीस ओळींच्या अर्धवट तक्त्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

नमुना: छेद इथेच बिघडतो

आपल्याकडे कल्चर पाठवण्याची वेळ बहुतेकदा उशिरा येते. आधी एक औषध, गुण नाही म्हणून दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी ‘एकदा कल्चर करून टाका’. अशा नमुन्यांत साध्या औषधांना दबणारे जिवाणू आधीच मरून गेलेले असतात. उरतात ते चिवट. मग आपला तक्ता म्हणतो की शहरातला निम्माशिम्मा ई. कोलाय अमुक औषधाला जुमानत नाही. प्रत्यक्षात आपण फक्त औषध लागू न पडलेल्या रुग्णांचेच जिवाणू मोजलेले असतात. बरे होऊन घरी गेलेले कोणीच छेदात नाहीत. हा दोष कोणतंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावा यासाठी डॉक्टर आणि वॉर्डातल्या सिस्टर यांच्याशी बोलायचं; एकदा नाही, दर महिन्याला, कारण ड्युट्या बदलतात. दुसरा, मागणीच्या फॉर्मवर एक प्रश्न छापून घ्यायचा: गेल्या महिन्यात कोणतं प्रतिजैविक घेतलं का? सोबत दाखल झाल्याची तारीख आणि विभाग. दाखल झाल्यापासून ४८ तास उलटून गेल्यावर सुरू झालेला संसर्ग सहसा रुग्णालयातला धरतात आणि त्याआधीचा बाहेरून आणलेला. दाखल झाल्याची तारीख कोरी असेल तर हा फरक वर्षअखेरीला कोणालाच करता येत नाही.

लघवीचा नमुना मधल्या धारेचा हवा. दोन तासांत प्लेटवर जायला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत. कॅथेटर असलेल्या रुग्णाची लघवी पिशवीतून कधीही घेऊ नये. नळीचा पोर्ट पुसून सुईने ओढून घ्यावी. एक मायक्रोलिटरच्या लूपने पेरलं तर प्लेटवरची एक वसाहत म्हणजे मिलिलिटरला हजार जिवाणू, शंभर वसाहती म्हणजे एक लाख. तीन-चार प्रकारच्या वसाहती एकत्र दिसल्या तर तो बहुधा दूषित नमुना असतो. त्यातली एक उचलून सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडतं याची चाचणी) लावण्यापेक्षा नवा नमुना मागवा.

रक्ताच्या कल्चरसाठी मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त लागतं आणि दोन वेगवेगळ्या जागांहून दोन सेट घ्यावे लागतात. दोन-तीन मिलिलिटरवर काम भागवलं तर जिवाणू सापडतच नाही, आणि एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफ उगवला तर तो खरा की हाताचा, हे सांगता येत नाही. पुवाचा स्वॅब घेण्यापेक्षा सिरिंजने ओढलेला पू नेहमी चांगला.

प्लेटवरचं काम

आपल्याकडच्या बहुतेक लहान प्रयोगशाळा किर्बी-बाउरची डिस्क पद्धत वापरतात: जिवाणू पेरलेल्या प्लेटवर औषधाची डिस्क ठेवायची आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचं. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत स्वस्त आहे, पण तिची शिस्त काटेकोर आहे. तिच्यातला प्रत्येक मिलिमीटर ठरावीक परिस्थिती गृहीत धरतो. ती बदलली की झोन बदलतो आणि एस (सेन्सिटिव्ह, औषधाला दबणारा) असलेला आर (रेझिस्टंट, न दबणारा) होतो किंवा उलट.

म्युलर-हिंटन अगारचा थर ४ मिलिमीटर हवा. ९० मिलिमीटरच्या प्लेटला साधारण २५ मिलिलिटर माध्यम लागतं. पैसे वाचवायला १५ मिलिलिटर ओतलं तर थर पातळ होतो, औषध जास्त पसरतं, झोन मोठा दिसतो आणि प्रतिरोधक जिवाणू ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून रिपोर्टवर जातो. ही सर्वांत धोकादायक बचत आहे. पीएच ७.२ ते ७.४ च्या मध्ये. माध्यमासाठी डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे स्यूडोमोनासवर जेंटामायसिन आणि अमिकासिनचे झोन आखडतात.

जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडइतकं गढूळ करायचं, म्हणजे मिलिलिटरला साधारण १० ते २० कोटी जिवाणू. तुलनेची बेरियम सल्फेटची नळी प्रत्येक वेळी जोरात हलवून घ्या, पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा ओढून त्यासमोर दोन्ही नळ्या धरा. द्रावण घट्ट झालं तर झोन लहान येतो. नुसत्या नजरेने ‘झालं असेल’ म्हणणं हे या पद्धतीतलं सर्वांत मोठं व्यसन आहे. द्रावण तयार झाल्यापासून १५ मिनिटांत स्वॅब प्लेटवर फिरला पाहिजे. तो नळीच्या भिंतीला दाबून पिळून घ्यायचा, तीन दिशांनी पूर्ण फिरवायचा, शेवटी कडेने एकदा. त्यानंतर १५ मिनिटांच्या आत डिस्क. ९० मिलिमीटरच्या प्लेटवर पाच, फार तर सहा. एकदा अगारला टेकलेली डिस्क सरकवायची नाही, औषध लगेच उतरायला लागतं. उबवण ३५ अंश सेल्सिअसला, १६ ते १८ तास. प्लेट उलट्या, पाचपेक्षा उंच थप्पी नको.

डिस्कचा साठा हा वेगळा विषय आहे आणि भारनियमन असलेल्या गावांत तो गंभीर होतो. मोठा साठा उणे २० अंशांवर आणि रोजच्या वापराची नळी ८ अंशांच्या खाली ठेवतात. फ्रिजमधून काढल्यावर नळी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर डिस्कवर दव जमतं. ओलाव्याने आणि उष्णतेने सर्वांत आधी मरतात ती इमिपेनेम आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली औषधं. दुपारभर वीज नसलेल्या फ्रिजमधल्या इमिपेनेमच्या डिस्कने दुसऱ्या दिवशी ‘कार्बापेनेम-प्रतिरोधक’ (इमिपेनेम-मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणारा) जिवाणू सहज निर्माण होतो, कागदावर. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहा.

दोन औषधांच्या बाबतीत डिस्क लावूच नये. कोलिस्टिनचा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कच्या झोनवरून काहीच सांगता येत नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाचं वेगवेगळं प्रमाण तपासणं) किंवा तत्सम मान्य पद्धत लागते. स्टॅफिलोकॉकसवर व्हँकोमायसिनचंही तेच, एमआयसी, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण, काढावीच लागते. सोय नसेल तर रिपोर्टवर ती ओळ रिकामी ठेवा आणि जिवाणू सोय असलेल्या ठिकाणी पाठवा. चुकीच्या पद्धतीने काढलेला ‘एस’ अतिदक्षता विभागात जीव घेऊ शकतो.

क्यूसीशिवाय आकडा नाही

ओळखीचा, गुणधर्म माहीत असलेला जिवाणू आपल्याच प्लेटवर, आपल्याच डिस्कखाली ठेवायचा आणि झोन ठरलेल्या हद्दीत येतो का ते पाहायचं, एवढाच क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता-नियंत्रणाचा, अर्थ. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर (एटीसीसी हा प्रमाणित जिवाणूंचा संग्रह) सेफोटॅक्झिमचा झोन २९ ते ३५ मिलिमीटर, जेंटामायसिनचा १९ ते २६. स्टॅफसाठी एटीसीसी २५९२३, स्यूडोमोनाससाठी एटीसीसी २७८५३. सुरुवातीला रोज, सलग दिवसांची कामगिरी नियमात बसली की आठवड्याला एकदा, आणि अगार किंवा डिस्कचा नवा लॉट आला की पुन्हा.

हद्दीबाहेर गेल्यास त्या औषधाचे त्या दिवसाचे रिपोर्ट थांबवायचे आणि कारण शोधायचं. सगळ्या औषधांचे झोन एकाच दिशेला सरकले असतील तर द्रावणाचा गढूळपणा किंवा अगारची जाडी तपासा. एकच औषध बिघडलं असेल तर डिस्क. क्यूसीच्या वहीत जेव्हा वर्षभर एकही आकडा हद्दीबाहेर गेलेला दिसत नाही, तेव्हा ती वही नंतर बसून भरलेली असण्याची शक्यता फार. तपासायला आलेल्या निरीक्षकालाही ते लगेच कळतं.

आर-एस नको, मिलिमीटर लिहा

नव्यांना देण्यासारखा एकच सल्ला निवडायचा झाला तर मी हा निवडेन. वहीत झोनचा आकडा लिहा. एस, आय (दोन्हींच्या मधला), आर हे त्या आकड्यावरून नंतर काढता येतं. उलटं येत नाही.

कारण किती मिलिमीटरला एस, आय किंवा आर म्हणायचं त्या सीमारेषा बदलतात. आपल्याकडे जास्त वापरात असलेली अमेरिकेतल्या सीएलएसआय या प्रयोगशाळा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एम१०० पुस्तिका दरवर्षी नव्याने निघते. ई. कोलायसारख्या जिवाणूंसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा ‘सेन्सिटिव्ह’ झोन आधी २१ मिलिमीटर आणि त्यापुढे होता. २०१९ मध्ये तो २६ आणि त्यापुढे झाला. म्हणजे २३ मिलिमीटरचा जिवाणू २०१८ मध्ये एस होता आणि पुढच्या वर्षी आय. ज्यांनी फक्त एस-आर लिहिलं त्यांच्या तक्त्यात एका रात्रीत सिप्रोचा प्रतिरोध वाढलेला दिसला. ज्यांच्याकडे मिलिमीटर होते त्यांनी जुनी वर्षं नव्या रेषेने पुन्हा मोजली आणि खरा बदल किती ते पाहिलं.

युरोपची युकास्ट पद्धतही चांगली आहे आणि तिचे तक्ते मोफत मिळतात. दोन्हींतली कोणतीही एक घ्या. एका औषधाला सीएलएसआय आणि दुसऱ्याला युकास्ट अशी सरमिसळ करू नका.

मोजताना प्लेट मागच्या बाजूने, काळ्या पृष्ठभागावर धरून, पट्टी किंवा कॅलिपरने मोजा. प्रोटियसची झोनमध्ये शिरलेली पातळ साय सोडून द्यायची. को-ट्रायमॉक्साझोलच्या झोनमधली पुसट वाढही. पण बाकी औषधांच्या झोनमध्ये ठळक, सुट्या वसाहती दिसल्या तर त्या सोडायच्या नाहीत. कल्चर शुद्ध आहे का ते तपासून चाचणी पुन्हा लावायची.

न पटणारे निकाल

काही जिवाणू काही औषधांना जन्मतःच जुमानत नाहीत. क्लेब्सिएला अँपिसिलिनला, प्रोटियस नायट्रोफ्युरँटॉइन आणि कोलिस्टिनला, एन्टेरोकॉकस सगळ्या सेफॅलोस्पोरिनना. त्यामुळे ‘क्लेब्सिएला, अँपिसिलिन एस’ असं प्लेटवर दिसलं तर औषधाची खुशखबर नसते. जिवाणूची ओळख चुकली आहे, डिस्क अदलाबदल झाली आहे किंवा कल्चर मिसळलं आहे. तसंच ई. कोलाय मेरोपेनेमला आर पण सेफोटॅक्झिमला एस, हे जवळजवळ अशक्य. टॉन्सिलवरचा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस पेनिसिलिनला आर, हेही जवळजवळ अशक्य. अशा निकालांची यादी करून टेबलासमोर चिकटवा.

काही निकाल प्लेटवर खरे असतात पण रिपोर्टवर घालायचे नसतात. टायफॉइडच्या साल्मोनेलावर जेंटामायसिन, अमिकासिन आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन प्लेटवर छान झोन देतात, रुग्णाच्या अंगात मात्र लागू पडत नाहीत. सेफॉक्सिटिनच्या डिस्कला २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी झोन देणारा स्टॅफ ऑरियस म्हणजे एमआरएसए, मेथिसिलिनला आणि त्या कुळातल्या बहुतेक औषधांना न जुमानणारा. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा अमॉक्सिक्लॅव्हचा झोन कितीही मोठा दिसो, ते आर.

संगणकात नोंद

एक्सेलमध्ये सुरुवात करता येते, पण लवकरात लवकर ‘व्होनेट’ वर या. बोस्टनच्या ब्रिगहम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून विकसित होत आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोजच्या साध्या संगणकावर चालतं, एनसीडीसीच्या जाळ्यातही तेच वापरतात. ते मिलिमीटर घेतं, सीमारेषा स्वतः लावतं आणि न पटणाऱ्या निकालांवर इशारा देतं. स्वयंचलित यंत्र असेल तर त्यातली माहिती ‘बॅकलिंक’ नावाच्या जोडीच्या प्रोग्रॅमने आत आणता येते.

आपल्याकडे अडतं ते रुग्णाच्या ओळखीपाशी. सरकारी रुग्णालयात दर खेपेला नवा केसपेपर, नवा नंबर. नाव इंग्रजीत लिहिताना सकाळची पाळी एक स्पेलिंग करते आणि रात्रपाळी दुसरं. शिंदे, चव्हाण, वाघमारे यांची किती रूपं होतात ते कोणतीही यादी उघडून पाहा. संगणकाला ती वेगवेगळी माणसं वाटतात. १४ अंकी आभा क्रमांक असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर नाव, वय, लिंग आणि गाव एकत्र पाहून महिन्यातून एकदा यादी हाताने चाळा आणि एकाच माणसाच्या नोंदींना एकच क्रमांक द्या. काम कंटाळवाणं आहे, तरी पुढची पायरी पूर्णपणे त्यावर उभी आहे. तक्त्यासाठी किंवा बाहेर पाठवण्यासाठी काढलेल्या फाइलमध्ये मात्र नावं ठेवायची नाहीत.

एक रुग्ण, एक जिवाणू, वर्षातून एकदा

अँटिबायोग्रामसाठी सीएलएसआयची एम३९ नावाची वेगळी मार्गदर्शिका आहे. तिचा मुख्य नियम असा: ज्या काळाचा तक्ता करायचा त्या काळात एका रुग्णाचा एका जातीचा फक्त पहिला जिवाणू मोजायचा, नमुना कोणताही असो, निकाल काहीही असो.

समजा, वर्षभरात ४० रुग्णांत क्लेब्सिएला सापडला. २४ जणांचा अमिकासिनला एस, १६ जणांचा आर. २४ भागिले ४०, म्हणजे ६० टक्के. आता त्या १६ पैकी दोघं अतिदक्षता विभागात महिनाभर होते आणि त्यांची प्रत्येकी सहा कल्चर झाली. पहिली सोडून जास्तीची दहा, सगळी आर. तीही मोजली तर २४ भागिले ५०, म्हणजे ४८ टक्के. रुग्णालयात काहीच बदललं नाही, तरी औषध निकामी ठरलं. प्रतिरोधक जिवाणूचे रुग्ण जास्त दिवस राहतात, त्यांची कल्चरं जास्त होतात, म्हणून ही चूक दरवेळी एकाच दिशेने होते.

यादीतून आणखी काही काढून टाकायचं असतं: एमआरएसए शोधण्यासाठी नाकातून घेतलेले स्वॅब, ओटीतल्या भिंतींचे आणि पाण्याचे नमुने, क्यूसीचे जिवाणू, आणि डॉक्टरांनी दूषित ठरवलेली ब्लड कल्चरं. व्होनेटमध्ये पहिल्या जिवाणूचा पर्याय विश्लेषणाच्या पडद्यावरच निवडता येतो.

दुसरा सापळा कमी ओळखला जातो. डिस्क महाग म्हणून मेरोपेनेम फक्त सेफोटॅक्झिमला आर असलेल्या जिवाणूंवर लावायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. समजा १०० पैकी ४० जिवाणू असे निघाले, त्यांवर मेरोपेनेम लावलं, ३० एस. तक्ता म्हणेल ७५ टक्के. उरलेल्या ६० वर लावलं असतं तर ते जवळजवळ सगळे एस निघाले असते, म्हणजे खरा आकडा ९० च्या आसपास. तक्त्यात घ्यायच्या औषधाची डिस्क त्या जातीच्या सगळ्या जिवाणूंवर लावली पाहिजे. रिपोर्टवर डॉक्टरांना दाखवायची की नाही, हा वेगळा निर्णय. परवडत नसेल तर ते औषध तक्त्यातून गाळा.

तीसपेक्षा कमी असतील तर

एम३९ म्हणते की ३० पेक्षा कमी जिवाणू असतील तर टक्केवारी छापू नये. आणि ३० सुद्धा किती थोडे आहेत ते पाहा. ३० पैकी १८ एस, म्हणजे ६० टक्के. पण संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरा आकडा साधारण ४२ ते ७८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. ३०० पैकी १८० एस असतील तर हीच हद्द ५४ ते ६६ च्या आसपास येते. म्हणून ३५ जिवाणूंच्या आकड्यावर ‘गेल्या वर्षी ६०, यंदा ६६, सुधारणा झाली’ असं कोणी बैठकीत सांगू लागलं तर थांबवा.

कमी पडत असतील तर दोन वर्षं एकत्र करा आणि तसं तक्त्यावर लिहा. किंवा तालुक्यातल्या दोन-तीन रुग्णालयांनी एकच पद्धत धरून आकडे जोडावेत. छोट्या गावांसाठी मला हाच मार्ग जास्त पटतो.

तक्ता मांडताना

डावीकडे जिवाणू, वर औषधं, चौकटीत फक्त ‘एस’ ची टक्केवारी. ‘आय’ त्यात मिसळायचा नाही. जिवाणूच्या नावाशेजारीच संख्या, ठळक. जिथे जन्मजात प्रतिरोध आहे तिथे ‘आर’. नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन फक्त लघवीच्या तक्त्यात. नायट्रोफ्युरँटॉइन रक्तातल्या संसर्गाला निरुपयोगी आहे आणि सरसकट तक्त्यात दिसलं की कोणीतरी ते लिहून मोकळं होतं. ओपीडी, वॉर्ड आणि अतिदक्षता विभाग वेगळे करता आले तर जरूर करा, संख्या पुरत असतील तरच. खाली काळ, वापरलेली सीमारेषांची आवृत्ती आणि ‘एका रुग्णाचा पहिलाच जिवाणू’ ही टीप.

तक्ता डॉक्टरांपर्यंत

फाइलमध्ये गेलेला तक्ता कोणाच्याच कामाचा नाही. एका पानावर छापा, ओपीडीच्या टेबलाच्या काचेखाली, अतिदक्षता विभागाच्या भिंतीवर लावा आणि त्याआधी फिजिशियन, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यासोबत अर्धा तास बसा. त्यांना टक्केवारीपेक्षा निर्णय हवा असतो. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गात को-ट्रायमॉक्साझोलला २० टक्क्यांहून जास्त प्रतिरोध असेल तर ते अंदाजाने सुरू करू नये, अशी सीमा अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत घातली आहे. रक्तात संसर्ग पसरलेल्या रुग्णात इतकी चूक परवडत नाही. दोन औषधांचे आकडे जवळपास सारखे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘अ‍ॅक्सेस’ गटातलं आधी. नायट्रोफ्युरँटॉइन, जेंटामायसिन, अमिकासिन, अमॉक्सिसिलिन याच गटातली आहेत.

आणि नमुने कोणाचे आहेत, हे त्या अर्ध्या तासात तोंडाने सांगा. ‘या लघव्या बहुतेक आधी औषध घेतलेल्यांच्या आहेत, तुमच्या नव्या रुग्णाचा आकडा याहून बरा असण्याची शक्यता आहे’ हे वाक्य तक्त्यावर मावत नाही, पण मेरोपेनेमचं एखादं प्रिस्क्रिप्शन वाचवतं.

वर्षअखेरीची वाट पाहायची नाही अशा गोष्टी

तक्ता वर्षातून एकदा, पण काही निकाल त्याच दिवशी फोनवर सांगायचे असतात: व्हँकोमायसिनला आर वाटणारा स्टॅफ ऑरियस, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला आर असलेला टायफॉइडचा साल्मोनेला, आणि एकाच वॉर्डात आठवड्याभरात तीन रुग्णांत एकसारख्या नमुन्याचा कार्बापेनेम-प्रतिरोधक क्लेब्सिएला. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा टायफॉइड मोठ्या प्रमाणावर पसरला, त्यामुळे अशा एका जिवाणूकडेही दुर्लक्ष करून चालत नाही.

फोन करण्याआधी ओळख आणि चाचणी पुन्हा एकदा करा. कळवायचं मात्र थांबवू नका, ‘पुन्हा तपासतो आहे’ असं सांगून कळवा. जिवाणू फेकू नका. ग्लिसरॉल घातलेल्या ब्रॉथमध्ये उणे ७० अंशांवर तो वर्षानुवर्षं टिकतो, उणे २० वर काही महिने. उणे २० चीही सोय नसेल तर न्यूट्रिअंट अगारच्या तिरप्या नळीत खोचून, झाकण घट्ट करून, अंधारात ठेवा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला त्याच आठवड्यात विचारा. पाठवताना तिहेरी पॅकिंग लागतं: घट्ट बंद नळी, तिच्याभोवती शोषक कापूस घालून गळती न होणारा डबा, बाहेरून कडक खोका. आत झोनच्या मिलिमीटरांसह रिपोर्टची प्रत, रुग्णाच्या नावाऐवजी प्रयोगशाळेचा क्रमांक, आणि निकाल कोणत्या फोनवर कळवायचा तो नंबर.